जुनं आउटबोर्ड सांभाळताना: पाणी कुठं हवं आणि कुठं नको

माझी बोट १६ फुटी, फायबरची. मागं ४० हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लटकणारं इंजिन. ते माझ्याकडं आलं तेव्हाच २५ वर्षांचं होतं आणि त्याआधी स्कूटरचा प्लग साफ करण्यापलीकडं मी कुठल्या इंजिनाला हात लावला नव्हता. आता सातवं वर्ष सुरू आहे. इंजिन तेच आहे, आणि नीट चालतं.

या काळात एक गोष्ट मनात पक्की बसली. आउटबोर्डची बहुतेक दुखणी पाण्यापाशी येऊन थांबतात. जिथं पाणी खेळायला हवं तिथं ते पोचत नाही, नाहीतर जिथं त्याचा थेंबही नको तिथं ते शिरतं. थंड करणाऱ्या वाटांमधून ते सतत वाहायला हवं. पेट्रोलमध्ये, गिअर ऑइलमध्ये, वायरींच्या जोडांत आणि मागच्या फळीच्या लाकडात ते मुळीच नको. पहिल्यांदा जुनी बोट घेतलेल्या माणसाला शंभर गोष्टी सांगितल्या जातात आणि त्यातली एकही धड लक्षात राहत नाही. मी हा एकच प्रश्न धरून चालते. पुढचं सगळं त्यातूनच येतं.

बोट दारात आली की ती लगेच पाण्यात घालावीशी वाटते. निदान पहिला आठवडा तसं करू नका. इंजिन ज्या ब्रॅकेटनं बोटीला धरलेलं असतं त्यावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावरचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर वहीत उतरवून घ्या. पट्टी गंजून पुसट झाली असेल तर बोटानं तिच्यावर टाल्कम पावडर चोळा, ठसे उठून दिसतात. त्या नंबरानं नेमक्या त्याच इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. एकाच कंपनीच्या, एकाच ताकदीच्या दोन वेगळ्या सालांच्या इंजिनांचे वॉटर पंप वेगळे असू शकतात, म्हणून सुटे भाग मागताना नंबरच सांगायचा. आपण अंदाजानं सांगितलेलं साल कामाचं नाही.

मग कॉम्प्रेशन तपासा, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. गेज साधा असतो आणि वापरायला सोपा. इंजिन थोडं गरम असेल तर उत्तम. सगळे प्लग काढा, प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, जेणेकरून ठिणगी पाडणारं इग्निशन मॉड्यूल जळणार नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज लावा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवा. माझ्या इंजिनात एका सिलिंडरला ११५ आणि दुसऱ्याला ११० पीएसआय आलं. आकडा नेमका किती यापेक्षा दोन्ही सिलिंडर जवळजवळ आहेत का, हे महत्त्वाचं. दोघांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुढचा खर्च करण्याआधी जाणत्या मिस्त्रीला दाखवा.

त्याच दिवशी मागची फळी, म्हणजे ट्रान्समही बघून घ्या. जुन्या फायबरच्या बोटींत या फळीच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टांची भोकं नीट बंद केलेली नसली की पाणी तिथून आत झिरपतं आणि बाहेरून काही दिसत नसताना लाकूड आतून कुजतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं फळीवर सगळीकडं हलके ठोके द्या. कोरडं लाकूड टणक, मोकळा आवाज देतं, कुजलेलं बद्द वाजतं. नंतर इंजिनाचा खालचा पाय दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवा आणि दुसऱ्या कुणाला तरी फळीकडं बघायला सांगा. फळी लवत असेल तर बाकीची सगळी कामं थांबवा. सगळं इंजिन त्या फळीवर लटकलेलं असतं.

पाण्याची धार

इंजिन सुरू असताना त्याच्या कडेच्या एका बारीक भोकातून पाण्याची धार पडते. पंप पाणी ओढतोय, याची ती खूण. इंजिन सुरू केलं की मी दुसरीकडं कुठंही बघण्याआधी मागं वळून ती धार बघते. काही सेकंदांत ती आली नाही तर चावी बंद.

जमिनीवर इंजिन सुरू करायचं असेल तर दोन रबरी वाट्यांचा, पाइप जोडायची सोय असलेला चिमटा मिळतो, तो पायाच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांवर बसवायचा. जाळ्या म्हणजे पाणी आत जाण्याच्या खिडक्या. आधी नळ सोडायचा, मग इंजिन सुरू करायचं. बंद करताना आधी इंजिन, मग नळ. गिअर न्यूट्रलमध्ये, वेग अगदी कमी, आणि पंख्याच्या, म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या, जवळपास कुणी उभं राहायचं नाही. पाण्याशिवाय ‘जरा बघू सुरू होतंय का’ म्हणून चावी कधीही फिरवू नका. पंपातलं रबराचं चक्र, म्हणजे इम्पेलर, पाण्यानंच ओलं राहतं. कोरडं फिरलं की काही सेकंदांत त्याची पाती झिजायला आणि जळायला लागतात. आणखी एक. काही इंजिनांना पाइप थेट जोडायचं तोंड असतं, आणि त्यातल्या बऱ्याच इंजिनांत ते इंजिन बंद ठेवूनच वापरायचं असतं. मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी असं गोड पाणी १० ते १५ मिनिटं खेळवायचं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच पाण्याची वाट उघडणारी झडप, उघडेपर्यंत वरच्या भागात पाणी पुरतं फिरत नाही, म्हणून दोन मिनिटांत नळ बंद केला तर मीठ आतच राहतं. ते मीठ साचत जाऊन वाटा अरुंद करतं आणि अॅल्युमिनियम खातं. ‘पुढच्या वेळी धुऊ’ असं मी एकदाही केलेलं नाही, अंधार पडला तरी टॉर्च लावून धुते.

धार बारीक झाली तर आधी भोकातच कचरा अडकलाय का बघा. नायलॉनच्या गळाच्या दोरीचा तुकडा आत सारून हलवला की वाळूचा कण नाहीतर मिठाचा खडा बऱ्याचदा निघून येतो. पाण्यात असताना धार अचानक थांबली तर इंजिन बंद करून पाय वर उचला, जाळीवर प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ चिकटलेलं असू शकतं. एवढं करूनही धार सुधारली नाही तर इम्पेलरकडं वळायचं.

इम्पेलर बदलणं

जुनं इंजिन घेतलंत आणि इम्पेलर कधी बदलला हे कुणालाच ठाऊक नसेल तर तो आधी बदला. नंतर दर दोन वर्षांनी. खूप वापर असेल किंवा पाणी वाळूचं असेल तर दर वर्षी. विकणाऱ्यानं मला सांगितलं होतं की धार चांगली येते, पंपाला हात लावायची गरज नाही. धार खरोखर बरी होती. तरी उघडलं, तर सहापैकी दोन पाती गायब होती.

काम असं. बॅटरीची तार काढा, प्लगच्या वायरी काढा. खालचा पाय चार-पाच बोल्टांवर असतो. त्यातला एक पुष्कळदा पंख्याच्या वरच्या छोट्या पंखासारख्या पात्यामागं लपलेला असतो. ते पातं स्टिअरिंगची ओढ सावरतं, म्हणून काढण्याआधी त्याची जागा मार्करनं आखून ठेवा. गिअरचा दांडा कुठं सुटतो ते प्रत्येक इंजिनात वेगळं, तिथं मॅन्युअल लागेलच. बोल्ट हलत नसेल तर जोर करू नका. अॅल्युमिनियमच्या अंगात स्टीलचा बोल्ट मिठानं चिकटलेला असतो, झटका दिला की डोकं तुटतं नाहीतर आटे जातात. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर ठेवा, सकाळी आधी किंचित घट्ट करा आणि मग सैल करा. मी एका बोल्टपायी तीन दिवस थांबले होते, पण तो अख्खा निघाला. परत बसवताना प्रत्येक बोल्टाला मरिन ग्रीस लावायचं.

पाय खाली उतरला की उभ्या शाफ्टवर पंपाची डबी दिसते. ती उचलली की आत इम्पेलर. त्याची पाती एकाच बाजूला वाकून तशीच कडक झालेली असतील तर रबर मेलं. पाती तुटलेली असतील तर तुकडे शोधल्याशिवाय पुढं जाऊ नका, ते वरच्या वाटेत कुठंतरी अडकून बसलेले असतात. माझ्याकडं एक तुकडा तांब्याच्या नळीच्या तोंडाशी सापडला, दुसरा वर थर्मोस्टॅटच्या खोबणीत. तो दुसरा तसाच राहिला असता तर नवा पंप बसवूनही इंजिन तापलंच असतं.

शाफ्टच्या खाचेत एक इवलीशी चावी असते, इम्पेलर तिच्यावरच फिरतो. ती गवतात पडली की संपलं, म्हणून खाली पांढरं कापड अंथरा. नव्या इम्पेलरला साबणाचं पाणी लावा. डबी खाली दाबत शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा, बहुतेक इंजिनांत तीच दिशा असते. पाती हळूहळू वाकत आत जाताना हाताला कळतं. नंतर शाफ्ट उलटा फिरवायचा नाही, पाती उलटी वळतात. खालची स्टीलची पट्टी आणि पॅकिंग नवीच घाला. शाफ्टच्या वरच्या टोकाच्या दात्यांना कडेनं थोडं ग्रीस लावा, माथ्यावर मात्र नको, तिथं ग्रीस दबून शाफ्ट पूर्ण बसत नाही. आणि पाय वर चढवताना पाण्याची नळी तिच्या रबरी गळ्यात शिरली की नाही ते टॉर्च मारून बघा. नळी बाहेर राहिली तर सगळं काम पुन्हा.

पंखा, सील आणि गिअर ऑइल

या तिघांची गोष्ट एकच आहे. पाण्यात गळाची टाकून दिलेली नायलॉन दोरी असते. पंखा ती ओढून घेतो आणि ती पंख्यामागं शाफ्टला घट्ट गुंडाळली जाते. फिरताना ती सील, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणारं रबरी कडं, कापते, कापलेल्या सीलमधून पाणी गिअरच्या पेटीत जातं, आणि तेलात पाणी मिसळलं की गिअर आणि बेअरिंग झिजायला लागतात. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. म्हणून वर्षातून दोनदा तरी पंखा काढायचा. चावी काढलेली, प्लगच्या वायरी काढलेल्या, मगच पंख्याला हात. मागं दोरी असेल तर ती कापून पूर्ण काढा, शाफ्टच्या दात्यांवर ग्रीस लावा आणि नट सुटू न देणारी कॉटर पिन दर वेळी नवी घाला. छोट्या इंजिनांत पंख्याला शिअर पिन असते. पंखा दगडावर आपटला की ती तुटते आणि गिअर वाचतात. तिच्या जागी खिळा घालून चालवणाऱ्यांचे गिअर तुटलेले मी बघितलेत.

गिअर ऑइल दर वर्षी किंवा १०० तासांनी बदला, जे आधी होईल ते. पायाला दोन स्क्रू असतात, एक तळाशी आणि एक वर. खाली भांडं ठेवून आधी तळाचा काढा, मग वरचा. मी पहिल्यांदा काढला तेव्हा आधी स्वच्छ पाण्याचे थेंब पडले. तेल जड वाटतं, पण पाणी त्याच्याही खाली बसतं, म्हणून तेच पहिलं आलं. पाठोपाठ पांढरट, दुधाळ तेल. सील गेल्याचा तो पुरावाच होता. तेल नुसतं काळं असेल तर ते फक्त जुनं झालंय. बऱ्याच इंजिनांत तळाच्या स्क्रूला लोहचुंबक असतं, त्यावर चिकटलेली बारीक, मऊ पूड चालते. बोटाला टोचणारी कपची आली तर गिअर उघडायलाच हवेत.

नवं तेल तळाच्या भोकातून पंपानं वर चढवायचं. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि पेटी भरल्यासारखी वाटून अर्धी राहते. वरच्या भोकातून बुडबुडे थांबून अखंड तेल येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू बसवा, मग खालचा पंप काढून चटकन तळाचा. दोन्हींचे वॉशर नवे. ते इतके किरकोळ असतात की लोक जुनेच ठेवतात, आणि मग सील धड असूनही पाणी तिथून शिरतं.

पेट्रोल

टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं, माझ्या इंजिनाला ५० ला १. म्हणजे लिटरला २० मिलि, २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. प्रमाण आपापल्या मॅन्युअलमधलंच धरा. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं हवं, हा पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकच्या तेलाचा दर्जा. स्कूटरचं टू-स्ट्रोक तेल घालू नका. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनात ते नीट जळत नाही, राख मागं ठेवतं आणि प्लग व पिस्टनवर थर चढवतं. फोर-स्ट्रोक असेल तर तेल वेगळं भरायचं, एफसी-डब्ल्यू दर्जाचं, आणि फिल्टरसकट दर १०० तासांनी किंवा वर्षानं बदलायचं.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी उतरतात, आणि इंजिनाची नळी तर तळाशीच असते. म्हणून टाकीत महिनोन् महिने पेट्रोल ठेवू नका, आणि नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. इथेनॉलनं जुनं रबरही मऊ पडतं. नळी वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला. नळीवरच्या रबरी फुग्यावरचा बाण इंजिनाकडं हवा. दाबत गेलं की फुगा टणक व्हायला हवा. होत नसेल तर कुठंतरी हवा धरते आहे.

पहिल्याच महिन्यात माझं इंजिन सुरू झाल्यावर सात-आठ मिनिटांनी आचके देऊन बंद पडायचं. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, पुन्हा बंद. एका वर्कशॉपनं कार्ब्युरेटर नवा घ्यायला सांगितलं. घरी येऊन मी टाकीचं झाकण उघडलं तर आत सूं करून हवा गेली. झाकणावरचा हवेचा छोटा स्क्रू बंद होता. पेट्रोल जात होतं, त्याची जागा घ्यायला हवा येत नव्हती, आणि टाकी आतून ओढली जात होती. तेव्हापासून इंजिन बंद पडलं की मी इंजिनाचं झाकण उघडण्याआधी टाकीचं झाकण, फुगा आणि नळीची टोकं बघते. तुम्हीही तोच क्रम ठेवा.

महिन्याहून जास्त बोट उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाचा स्क्रू काढून पेट्रोल बाटलीत काढून घ्या. नाहीतर ते सुकून चिकट थर धरतं आणि पेट्रोल सोडणाऱ्या जेटची बारीक भोकं बुजतात. काही जण नळी काढून पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवतात. दोन कार्ब्युरेटर असतील तर एक आधी रिकामा होतो आणि त्या सिलिंडरला पेट्रोलबरोबर तेलही मिळत नाही, म्हणून मी तसं करत नाही.

प्लग काढले की त्यांचा रंग बघा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. काळा, ओला म्हणजे पेट्रोल किंवा तेल जास्त. पांढराफटक म्हणजे इंजिन तापतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय, आणि या रंगाकडं दुर्लक्ष करू नका. दोन प्लगचे रंग वेगळे आले तर दोष एकाच सिलिंडरचा आहे.

थोडं उरलेलं

पायावर आणि ब्रॅकेटवर राखाडी धातूचे ठोकळे असतात, ते अॅनोड. इंजिनाऐवजी ते गंजतात. अर्धे झिजले की बदला, त्यांच्यावर रंग कधीही लावू नका, आणि बसायची जागा घासून चकचकीत करा, संपर्क नसेल तर ते निरुपयोगी आहेत. खाऱ्या पाण्याला जस्त किंवा अॅल्युमिनियम, गोड्या पाण्याला मॅग्नेशियम.

बॅटरी भरलेली असेल तर विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन वेगात असताना १३.५ ते १४.५ यायला हवेत. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नका, बॅटरी चार्ज करणाऱ्या सर्किटमधला रेक्टिफायर जळतो. जोडांवर हिरवी पूड दिसली की ती वायर आत काळी पडलेली असते. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापून नवा जोड द्या.

किल स्विचची, म्हणजे इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची, दोरी दर फेरीला ओढून इंजिन बंद होतं का ते तपासा, आणि मग ती अंगाला अडकवा. बोटीत वल्ही, नांगर, अग्निशामक, जादा प्लग, प्लग पाना, पिना आणि पकड असायलाच हवी.

परत आल्यावर इंजिन धुऊन झालं की ते सरळ उभं ठेवा, आडवं किंवा वर उचललेलं नाही. उभं असलं की आतलं सगळं पाणी आपोआप उतरतं, आणि थंडीत पाणी गोठत असेल तिथं तर हे फारच महत्त्वाचं, गोठलेलं पाणी धातू फोडतं. स्टिअरिंगच्या आणि ब्रॅकेटच्या निपलांना, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडांना, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस द्या. मग बोटीचा पुढचा भाग थोडा उंच करून तळाचं बूच काढा आणि साचलेलं पाणी जाऊ द्या. बूच मी त्याच दोरीत बांधून ठेवते जिच्यात इंजिनाची चावी आहे, म्हणजे पुढच्या वेळी चावी घ्यायला गेलं की ते हातात येतं आणि आधी बसवलं जातं.